एकशेवीसची जांभई

टायरच्या कडेवर चार आकडे उमटवलेले असतात, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. आमच्या नागपुरातल्या नेहमीच्या टायरवाल्याने पाना खाली ठेवला, अंगठ्याने रबरावरची धूळ पुसली आणि मला वाकायला लावलं. १९१८.

"हे काय हाय सांगा बरं?"

मला वाटलं, कंपनीची स्थापना.

"एकोणिसावा हप्ता, अठरा साल. तवा बनला हा टायर. तुम्ही नक्षी पाहून राहिल्या मॅडम. नक्षी चांगलीच हाय, गाडी चालतेच कुठं तुमची! पण रबर म्हातारं झालं न."

त्याचं म्हणणं असं की गावात हा टायर अजून दोन वर्षं खुशाल चालेल, समृद्धीवर मात्र चालणार नाही. कमी हवेचा टायर धावताना जास्त दबतो, जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो. काँक्रीटवर तासन् तास एकाच वेगाने पळवला की उष्णतेला बाहेर पडायला उसंत मिळत नाही आणि म्हातारं रबर एका फटक्यात सुटतं. हे सगळं त्याने मला गाडीचा जॅक वर-खाली करत समजावलं. मग विचारलं, "शिर्डीले चालल्या?"

"नाही. खोपोलीला."

"लग्न हाय?"

"पाळण्यात बसायला."

त्याने वाकून गाडीच्या मागच्या सीटकडे बघितलं. तिथे छत्री आणि रद्दीचा गठ्ठा होता. "सोबत कोण?"

"कोणी नाही."

"बाप्पा!" तो म्हणाला आणि चारही टायर बदलले.

कारण खरोखर एवढंच होतं. मला पाळण्यात बसायचं होतं. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. तिकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडार, आणि मैदानाच्या टोकाला पाळणे. वडील आम्हा बहिणींना लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसवायचे. आकाशपाळणा मात्र मुलांसाठी. मुली ओरडतात, बरं दिसत नाही. १९८९ मध्ये मुंबईला गोराईत एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की शेजारची सगळी मुलं गप्प व्हायची. आम्हाला गोराई आणि सिंगापूर यांत फरक नव्हता, दोन्हीकडे पाणी ओलांडून जावं लागायचं. पुढे लग्न झालं ते झोपाळ्यावर बसून चहा घेतला तरी ज्याला गरगरतं अशा माणसाशी. मुलगी झाली, तिला उंचीची भीती. मैत्रिणींना एव्हाना गुडघे झाले होते. वाट बघण्यात काही अर्थ उरला नाही, तेव्हा मी रक्तदाब तपासून घेतला, मान-पाठ दाखवून घेतली आणि जानेवारीतले पाच दिवस मोकळे काढले.

विमानाने जाता आलं असतं. पण एक तर मला गाडी चालवायला आवडते. दुसरं म्हणजे, २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडी तालुक्यापर्यंत सलग झाला. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, मध्ये एकही सिग्नल नाही. घरापासून खोपोलीच्या पार्कच्या दारापर्यंतचं माझं अंतर साडेसातशेच्या थोडं वर भरणार होतं. नवऱ्याने सोसायटीत, ऑफिसात आणि सासूबाईंच्या भजनी मंडळात सांगून टाकलं, ती शिर्डीला चालली आहे. खोटं नव्हतं. पहिला मुक्काम शिर्डीलाच होता.

पहाटे पाचला शिवमडक्याहून वर चढले. अंधारात हा रस्ता कुठे जातो ते कळतच नाही, फक्त दिव्यांच्या झोतात पांढरे पट्टे येत राहतात. उजाडलं तेव्हा वर्धा जिल्हा मागे पडत होता. दोन्ही बाजूंना कुंपण, मधोमध दुभाजक, पुढे काँक्रीटची करडी चादर, आणि दर काही वेळाने एक निळी पाटी. समृद्धीवर दुचाकी नाही, रिक्षा नाही, बैलगाडी नाही. टोलसुद्धा बाहेर पडतानाच कापला जातो, त्यामुळे मध्ये नाक्यावर थांबणं नाही. कारला सपाटीवर १२० ची मर्यादा आहे, मालट्रकला ८०. मी ११० वर काटा ठेवला होता, कधी तो आपसूक १२० ला टेकायचा.

जुन्या रस्त्याने मी लहानपणापासून वर्धा, कारंजा, मेहकर, जालना असा प्रवास केलेला आहे. त्या रस्त्यावर काय नव्हतं? गतिरोधक होते, ऊस होता, मिरवणूक होती, वरात होती. म्हशी होत्या. म्हैस रस्त्यात उभी राहिली की ड्रायव्हरला तिच्याशी बोलावं लागतं. या नव्या रस्त्याने ३९२ गावांच्या शिवारातून वाट काढली, पण गाव एकही दिसत नाही. धामणगाव कधी आलं आणि कधी गेलं?

हा प्रश्न मला कारंजा लाडच्या पाटीपाशी पडला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. मधल्या पट्ट्यातून मी गाडी चालवत आले होते, लेन सोडली नव्हती, एका ट्रकला मागेही टाकलं असणार. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, आठवण मात्र शून्य. याला महामार्गाचं संमोहन म्हणतात. डोळ्यांपुढे तेच ते दृश्य आणि कानात तोच तो घरघराट राहिला की मेंदू म्हणतो, इथे नवीन काही घडणार नाही, मी जरा पलीकडच्या खोलीत जाऊन बसतो. गाडी अंगवळणी पडलेल्या सवयीवर चालू राहते. तेवढ्यात काही घडलं तर मेंदूला पलीकडच्या खोलीतून परत येईपर्यंत वेळ लागतो. हिशेब सोपा आहे. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंद डुलकी म्हणजे शंभर मीटर आंधळा प्रवास, आणि पुढे ८० ने चाललेला ट्रक.

मी पुढच्या इंटरचेंजला उतरले आणि एका टपरीवर दोन कप चहा प्यायले. तिथे जालन्याहून सळया घेऊन निघालेले एक ट्रकचालक खाटेवर बसून फुटाण्याची पुडी बांधत होते. त्यांना मी माझा प्रकार सांगितला. ते हसले नाहीत.

"जुन्या रोडला झोप लागली तर खड्डा उठवायचा," ते म्हणाले. "इथं उठवायला कुणी नाही."

"मग तुम्ही काय करता?"

त्यांनी पुडी दाखवली. "एकेक खातो. मूठभर नाही, एकेक. तोंड चालू असलं की डोळा चालू राहतो." पुडीतले अर्धे फुटाणे त्यांनी माझ्या ओंजळीत ओतले. पैसे घेतले नाहीत. "एकट्याच हाय ना तुम्ही? बोलायला कुणी नसलं तर गाणं लावू नका. गाण्यानं अजून गुंगी येते. भांडण लावा."

भांडण कसं लावायचं ते मला कळलं नाही. पण मेहकर ते सिंदखेडराजा मी एकेक फुटाणा खाल्ला आणि आयुष्यात ज्यांना उत्तरं द्यायची राहून गेली त्या सगळ्यांना मोठ्याने उत्तरं दिली. झोप साफ उडाली.

सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंचं जन्मगाव. १२ जानेवारीच्या जयंतीला दोनच दिवस होते, झेंडे लावलेल्या गाड्या आत्ताच दिसायला लागल्या होत्या. इथून जवळच पिंपळखुटा आहे. २०२३ च्या १ जुलैला मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस तिथे उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्यातले बहुतेक झोपेत होते. त्या आठवड्यात विदर्भात कोणाच्याच घरी दुसरा विषय नव्हता, प्रत्येकाच्या ओळखीचं कोणीतरी पुण्याच्या बसने जात-येत असतंच. जागा नेमकी कोणती हे शोधायला मी वेग कमी केला नाही. या रस्त्यावर उगाच वेग कमी करणं हाही धोकाच.

दुपारी बाराच्या आत कोकमठाणला उतरले. शिर्डीच्या लॉजवर काउंटरच्या मुलाने आधार कार्ड उलटंपालटं केलं. "मिस्टर मागून येतायत का?" नाही म्हटल्यावर तो क्षणभर अडखळला, मग म्हणाला, "दर्शनाला ना? मग ठीक." आणि किल्ली दिली. देवासाठी एकटी बाई पाचशे किलोमीटर आली तर ती यात्रा होते, खोलीसुद्धा मिळते. पाळण्याचं नाव मी काढलंच नाही.

गंमत अशी की शिर्डीत दोन्हींची सांगड घातलेली आहे. साईतीर्थ नावाचं भक्तीचं थीम पार्क इथे आहे, आणि ते उभारलं संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने, म्हणजे गाय छाप जर्देवाल्यांनी. याच समूहाकडे २०२२ मध्ये खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कची सूत्रं आली. माझ्या आजोबांच्या बंडीच्या खिशातली पिवळी पुडी आणि मी जिच्यात उलटी लटकायला निघाले होते ती गाडी यांचं असं नातं निघालं. साईतीर्थला मी लंकादहन बघितलं. खुर्च्या हलतात, अंगावर पाण्याचे तुषार येतात. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. मारुतीने शेपूट फिरवली आणि खुर्ची दचकली, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. "आला बाई!" त्या ओरडल्या. दिवे लागल्यावर त्यांनी माझी चौकशी केली, जेवलीस का विचारलं, एकटी का आलीस ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिन्नर, भरवीर, इगतपुरी. इगतपुरीचा जुळा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. कसाऱ्याच्या घाटात ज्यांनी ट्रकमागे तास-तास काढले, त्यांना तो चमत्कार वाटेल. मला तो लांबलचक पांढऱ्या दिव्यांचा पाइप वाटला. खुटघरला मी समृद्धी सोडली. पुढे आमण्याला जाऊन कल्याण-शिळफाट्याच्या तोंडी जाण्यापेक्षा शहापूर, मुरबाड, कर्जत असा आडवा रस्ता मला बरा वाटला. तो बरा नव्हता, पण त्याने मला म्हसा दाखवलं.

मुरबाडहून कर्जतकडे जाताना म्हसा लागतं. पौष पौर्णिमेला तिथली म्हसोबाची जत्रा सुरू होते, बैलांचा बाजार भरतो, घोंगड्या विकायला येतात. मी पोचले तेव्हा जत्रा उतरणीला लागली होती. घोंगड्यांचे ढीग निम्मे झाले होते, पण आकाशपाळणे उभे होते. गाडी बाजूला घेतली. ज्यासाठी निघाले होते ते नकळत वाटेतच आलं होतं.

सगळ्यात मोठ्या पाळण्याखाली एक माणूस चिकट काळ्या हाताने नट आवळत होता. पाळण्याच्या एका पायाखाली फळ्यांचे तुकडे एकावर एक रचलेले, जमीन तिथे खोलगट होती म्हणून. मी तिकीट मागितलं.

"एकट्याला नाय बसवत, ताई."

"का?"

"तोल जातो ना. एका बाजूला वजन आलं का मोटार ओढत नाय." त्याने इकडेतिकडे बघितलं आणि समोरच्या दुकानातल्या घोंगडीवाल्याला हाक मारली. तो माणूस हातातलं घोंगडं तसंच घेऊन आला आणि माझ्या बरोब्बर समोरच्या पाळण्यात जाऊन बसला. अशा रीतीने मी खाली असताना तो आभाळात आणि मी आभाळात असताना तो खाली, असे आम्ही दोघं पंधरा-वीस फेरे फिरलो. माझ्यासमोर अडसर म्हणून एक लोखंडी कांब होती, ती खिळ्याने अडकवलेली. वर गेल्यावर वाऱ्याने पाळणा कुरकुरायचा आणि मला फळ्यांचे तुकडे आठवायचे. भीती वाटली. मला वाटतं ती भीती अगदी योग्य मापाची होती, जेवढ्यास तेवढी.

खोपोलीत शिरताना संध्याकाळ झाली होती. थीम पार्कच्या कितीतरी आधी हे गाव कोसळण्यावर जगत आलेलं आहे. १९१५ पासून टाटांचं वीजघर इथे आहे. लोणावळ्याच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली सोडायचं, त्याच्या जोरावर यंत्रं फिरवायची आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. घाटातून बघितलं तर डोंगराच्या अंगावरून उतरणारे ते नळ अजून दिसतात. वर चढवायला कष्ट, खाली यायला फुकट, हा इथला जुनाच धंदा.

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये ते सुरू झालं. उभारलं मनमोहन शेट्टी यांनी, ज्यांनी 'अर्धसत्य'सारखे सिनेमे काढले आणि वडाळ्याला आयमॅक्सचा घुमट बांधला. मुंबई आणि पुणे दोन्ही हाताच्या अंतरावर ठेवून जागा निवडली होती. तरी कर्जाचं ओझं वाढत गेलं आणि ते संगमनेरकरांच्या हाती गेलं, हे वर आलंच आहे. सिनेमावाल्या माणसाची खूण मात्र जागोजागी आहे. साध्या जत्रेत पाळणा हा पाळणा असतो. थीम पार्कात प्रत्येक पाळण्याला गोष्ट हवी, हा १९५५ च्या डिस्नेलँडपासूनचा नियम. म्हणून इथे अलीबाबाच्या गुहेत बंदुका मारायच्या, सलीमगढात भुतं बघायची, आणि होडीत बसून राजासॉरसला भेटायचं.

तिसऱ्या दिवशी पार्कात शिरले आणि राजासॉरसपाशी रेंगाळले. हा प्राणी काल्पनिक नाही. गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातल्या रहियोलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव मिळालं. पण विदर्भाच्या माणसाने हे ऐकून गप्प बसू नये. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडंच काय, दगड झालेली विष्ठासुद्धा सापडते. २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताचे अंश मिळाले आणि डायनोसॉरच्या काळात पृथ्वीवर गवत होतं, ही गोष्ट जगाला पहिल्यांदा नक्की कळली. पिसदुऱ्याला एकही पाळणा नाही. मी होडीत बसले, डरकाळी ऐकली, भिजले. पुढच्या बाकावरची लहान मुलगी बापाच्या शर्टात तोंड खुपसून रडत होती आणि बाप मोबाइलवर तिचं रडणं टिपत होता.

एकट्या माणसाच्या थीम पार्कात बारीक अडचणी फार. पर्स कोणाकडे द्यायची? लॉकर. फोटो कोण काढणार? कोणीच नाही. जेवणाची टेबलं सहा जणांची, मी एका कोपऱ्यात बसले तरी उरलेल्या पाच खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या. मला दुपारपर्यंत पाच वेळा विचारलं गेलं, "आप अकेले हो?" सहाव्यांदा विचारलं गेलं ते नायट्रोच्या रांगेत, आणि तिथे प्रश्नाचा सूर वेगळा होता.

नायट्रो हा इथला मोठा रोलर कोस्टर. स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि मॅबियार या कंपनीने बनवलेला, उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटं करतो. पायाखाली जमीन नाही. निघण्याआधी पायाखालचा तक्ता खाली सरकतो आणि पाय मोकळे लोंबतात. एका रांगेत चार सीट. माझ्या पुढे सोलापूरच्या कॉलेजातली सात मुलं होती. चार बसली, तीन उरली.

"एक? कोई एक है?" गेटवरची मुलगी ओरडली.

मी हात वर केला. पूर्ण दिवसात मी एकटी असण्याचा कोणाला तरी उपयोग झाला होता.

आत जाण्याआधी त्या मुलीशी मी थोडं बोलले होते. ती याच भागातली, मराठी. लॉक दिवसातून किती वेळा तपासता, असं विचारलं तर म्हणाली, "मोजत नाय हो. सीट तितकी वेळा." ती तपासते म्हणजे काय ते मग मी माझ्या अंगावर अनुभवलं. खांद्यावरून उतरलेली जाड पट्टी तिने दोन्ही हातांनी खाली दाबली, मग वर खेचली. छातीसमोरचा पट्टा ओढला. मग पुढची सीट. तिच्यानंतर दुसऱ्या बाजूने एक मुलगा आला, त्याने तेच पुन्हा केलं. दोघांनी अंगठे वर केले तेव्हाच गाडी सुटली. याखेरीज रुळांचे भाग पाडलेले असतात. एका भागात गाडी असताना दुसरी तिथे शिरूच शकत नाही. ब्रेकची रचना अशी की हवेचा दाब गेला तर ते सुटत नाहीत, उलट आवळले जातात. चाकं रुळाच्या वर असतात, बाजूला असतात आणि खालूनही असतात. वर उचललं गेलं तरी गाडी रूळ सोडू शकत नाही. १९१९ च्या सुमारास जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने ही खालची चाकं आणली, तोवर रोलर कोस्टर खरोखर धोक्याचे होते. उलटा फेरा गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा असतो, वर अरुंद आणि खाली पसरट. पूर्ण गोल केला तर शिरताना मानेवर भार एकदम येतो. १९७६ मध्ये अमेरिकेत थेंबाच्या आकाराचा पहिला आधुनिक फेरा उभा राहिला, तेव्हापासून माना वाचल्या.

हे सगळं मला घरून पाठ होतं. साखळी खट्-खट्-खट् करत आम्हाला वर ओढायला लागली आणि पाठांतर संपलं.

शेजारचा मुलगा एकोणीस वर्षांचा असेल. "काकू, तुम्ही आधी बसलाय का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? तू?"

"मी तर यांच्यामुळे आलो हो," तो म्हणाला आणि डोळे मिटून सिद्धरामेश्वराचं नाव घ्यायला लागला. वरून सह्याद्री दिसत होता, खाली खालापूरची भातखाचरं सुकून पिवळी पडली होती, आणि माझ्या दोन चपला लांब कुठेतरी कप्प्यात होत्या. खट्-खट् थांबलं. ती शांतता पाव सेकंदाची असेल. मग पोट वरच राहिलं आणि बाकीची मी खाली गेले.

मी ओरडले. मंडईत ओरडता आलं नव्हतं ते, आणि नंतरचंही. मुलगी ओरडली तर बरं दिसत नाही म्हणणाऱ्या वडिलांना वरच्या जगात ऐकू गेलं असेल इतकं. जमीन डोक्यावर आली, डोंगर पायाखाली गेला, कोणाचं तरी नाणं उडालं, आणि गाडी ब्रेकवर येऊन हिसक्याने थांबली तेव्हा शेजारचा मुलगा मला विचारत होता, "काकू, परत?"

आम्ही अजून दोनदा बसलो. आठवी सीट म्हणून त्यांनी मला दत्तक घेतलं.

संध्याकाळी बाकावर बसून लिंबूपाणी पिताना मी वहीत दोन आकडे लिहिले. १०५. १२०. ज्या वेगाला लोक तिकीट काढून किंकाळ्या फोडतात, त्याहून कधी कधी पंधराने जास्त वेगात मी कारंज्यापर्यंत जांभया देत आले होते. तिथे मला दोन माणसांनी तपासून बांधलं नव्हतं. पट्टा मीच लावला होता, टायर धड होते ते एका माणसाने आपण होऊन बघितले म्हणून. माझ्यामागून येणाऱ्या गाडीला माझ्या भागात शिरायला कोणी अडवत नव्हतं. आणि भीती? ती साडेसातशे किलोमीटरमध्ये एकदाच वाटली, तीही काही घडून गेल्यावर. माणसाची भीती उंचीवर, आवाजावर आणि पोटातल्या खड्ड्यावर चालते. सरळ, गुळगुळीत, शांत रस्त्याला ती ओळखत नाही. तिला तसं कोणी शिकवलेलंच नाही, आपल्या पूर्वजांना १२० ने कुठे जायचं नव्हतं.

परतीला शिर्डीत मुक्काम केला आणि पाचव्या दिवशी उन्हं वर आल्यावर निघाले. जालन्यापुढे ऊन पांढरं झालं. फुटाणे संपले होते. ज्यांच्याशी भांडायचं होतं त्यांच्याशी जातानाच भांडून झालं होतं. मेहकर गेल्याचं आठवत होतं. मालेगाव जहांगीरची पाटी आठवत होती. त्यानंतरची कोणतीच आठवेना, आणि पुढे एका टँकरचा मागचा भाग जरा जास्तच वेगाने मोठा होत होता.

मी ब्रेक दाबला, मधे अंतर पडू दिलं, काचा वर होत्या त्या तशाच ठेवल्या आणि ओरडले. नायट्रोच्या टोकावर ओरडले होते तशी, पोटातून, तोंड पूर्ण उघडून. रिकाम्या गाडीत तो आवाज फार मोठा होतो. आरसा थरथरल्यासारखा वाटला. कानशिलं गरम झाली, छाती धडधडायला लागली, आणि रस्ता पुन्हा दिसायला लागला, त्याच्या पट्ट्यांसकट. पुन्हा एकदा ओरडून बघितलं, पण घसा खोपोलीलाच गेला होता, नुसता फाटका सूर निघाला.

कारंज्याला उतरले. टपरीवाल्याला चहा म्हणून सांगायला गेले तर शब्दच फुटेना. दोन बोटं दाखवली.

"घसा बसला काय, ताई?"

मी मान हलवली.

"अद्रक टाकू जास्तीचं?"

टाक म्हटलं. खुणेनेच.